जगातील सर्वांत जुना फुटबॉल संघ आणि त्याचे उशिरा लाभलेले घर

१८५७ हे साल उच्चारताच आपल्या डोळ्यांसमोर मीरत, कानपूर, झाशी आणि दिल्ली ही नावे उभी राहतात. त्याच वर्षी, ज्या इंग्लंडविरुद्ध उत्तर भारत पेटून उठला होता त्या इंग्लंडमधील एका औद्योगिक नगरात काही तरुण मंडळींनी एकत्र येऊन एक लहानशी संस्था स्थापन केली. त्या घटनेची दखल कोणत्याही इतिहासकाराने त्या वेळी घेतली नाही. घेण्याचे कारणही नव्हते. हिवाळ्यात क्रिकेट बंद असताना शरीराला व्यायाम मिळावा, एवढाच त्या मंडळींचा हेतू होता. परंतु त्या संस्थेने जे काम केले त्याचा ठसा आज जगातील प्रत्येक फुटबॉलच्या मैदानावर आहे. आपल्या गोव्यात भाताची कापणी उरकल्यावर मोकळ्या झालेल्या शेतात दोन काठ्या रोवून मुले जो खेळ खेळतात, त्यावरही तो आहे. या संस्थेचे नाव शेफील्ड फुटबॉल क्लब. जगातील सर्वांत जुना फुटबॉल संघ म्हणून तो ओळखला जातो.

शेफील्ड हे नाव आपल्याकडील जुन्या पिढीला चांगले परिचयाचे आहे. चाकू, सुऱ्या, कात्र्या आणि वस्तरे यांवर हे नाव कोरलेले असे. उत्तर इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यातील हे पोलादाचे शहर. या शहरात नेथॅनिएल क्रेसविक आणि विल्यम प्रेस्ट हे दोन मित्र राहत. एक वकिली करणारा, दुसरा मद्याचा व्यापारी. दोघेही क्रिकेटचे शौकीन. २४ ऑक्टोबर १८५७ रोजी त्यांच्या पुढाकाराने क्लबची स्थापना झाली. क्लबची पहिली कचेरी कोठे होती, हे ऐकून विद्यार्थ्यांना मौज वाटेल. वॉर्ड नावाच्या एका प्रतिष्ठित कुटुंबाच्या बागेत रोपे वाढविण्यासाठी काचेचे एक घर होते. त्यातच क्लबचा कारभार सुरू झाला आणि शेजारचे शेत हे क्लबचे पहिले मैदान ठरले. म्हणजे जन्मापासूनच या संघाचे घर दुसऱ्याच्या जागेत होते. ही गोष्ट आपण ध्यानात ठेवू, कारण पुढील सारी कथा तिच्याभोवती फिरते.

येथे कोणी विचारील, ‘फुटबॉल तर त्यापूर्वीही इंग्लंडात खेळत असत, मग हा संघ पहिला कसा?’ शंका योग्य आहे. चेंडूला लाथ मारण्याचा खेळ इंग्लंडात कित्येक शतके चालत आला होता. सणासुदीला एक गाव दुसऱ्या गावावर तुटून पडे. खेळाडूंची संख्या ठरलेली नसे, मैदानाला सीमा नसे आणि हातपाय मोडणे हा खेळाचाच एक भाग समजला जाई. ईटन, हॅरो, रग्बी अशा श्रीमंतांच्या शाळांतूनही हा खेळ चाले. पण प्रत्येक शाळेचे नियम निराळे. एका शाळेत चेंडू हातात घेऊन धावणे हा पराक्रम, तर दुसऱ्या शाळेत तोच अपराध. अशा दोन शाळांचे विद्यार्थी एकत्र आले म्हणजे खेळापेक्षा वादच अधिक होणार, हे उघड आहे.

क्रेसविक आणि प्रेस्ट यांनी निरनिराळ्या शाळांचे नियम मिळवून त्यांचा अभ्यास केला. त्यांतील घेण्याजोगे तेवढे घेतले, टाकण्याजोगे टाकले आणि आपल्या क्लबसाठी स्वतंत्र नियम तयार केले. १८५८ च्या ऑक्टोबरात भरलेल्या सभेत हे नियम संमत झाले आणि पुढील वर्षी ते एका छोट्या पुस्तिकेच्या रूपाने छापण्यात आले. शाळा अथवा विद्यापीठ यांच्याशी संबंध नसलेल्या, केवळ फुटबॉलसाठी स्थापन झालेल्या आणि आपले नियम लिहून, छापून, सभेत मंजूर करून घेणाऱ्या संस्थेचे हे पहिले उदाहरण होय. शेफील्डचे वेगळेपण खेळाच्या कौशल्यात नव्हते. ते या लेखणीत होते.

या मूळ नियमांपैकी काही पाहण्यासारखे आहेत. चेंडू लाथेने मारला गेला आणि जमिनीला लागण्यापूर्वी कोणी तो झेलला, तर त्याला फ्री किक मिळे. चेंडू हातात घेऊन पळणे मात्र मना होते. प्रतिस्पर्ध्याला हाताने ढकलणे चाले. परंतु पायात पाय घालून पाडणे किंवा नडगीवर लाथ मारणे यांस बंदी होती. ऑफसाइडचा नियम मुळीच नव्हता. त्यामुळे एखादा खेळाडू प्रतिपक्षाच्या गोलाजवळ खुशाल ठाण मांडून उभा राही. आणि सर्वांत गमतीचा नियम टोप्यांविषयीचा! प्रत्येक खेळाडूने एक तांबडी आणि एक गर्द निळी अशा फ्लॅनेलच्या दोन रंगांच्या टोपीची सोय स्वतःच करावी आणि खेळताना एका पक्षाने एक रंग व दुसऱ्या पक्षाने दुसरा रंग डोक्यावर घ्यावा, असे त्यात सांगितले आहे. रंगीत सदरे घालून संघ ओळखण्याची पद्धत तेव्हा रुळलेली नव्हती.

संघ तर स्थापन झाला. परंतु सामना खेळावयाचा कोणाशी? जवळपास दुसरा क्लबच नव्हता. तेव्हा सभासदांनी आपसातच दोन बाजू पाडाव्या, असे ठरले. कधी विवाहित विरुद्ध अविवाहित, तर कधी वकील-वैद्यांसारखे व्यावसायिक विरुद्ध इतर, असे सामने होऊ लागले. हा एकांतवास तीन वर्षे टिकला. १८६० साली शेफील्डच्या पश्चिमेकडील टेकडीवर हॅलम या वस्तीतील लोकांनी आपला क्लब काढला आणि शेफील्डला प्रतिस्पर्धी लाभला. २६ डिसेंबर १८६० रोजी, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, हॅलमच्या सँडीगेट या मैदानावर दोन्ही संघांची गाठ पडली. दोन क्लबांमधील हा जगातील पहिला फुटबॉल सामना समजला जातो. शेफील्डने तो दोन विरुद्ध शून्य असा जिंकला.

सँडीगेटचे हे मैदान आजही आहे. १८०४ पासून तेथे क्रिकेट खेळले जात होते. जगातील सर्वांत जुने फुटबॉलचे मैदान अशी त्याची नोंद झालेली आहे. मैदान सपाट नाही. एका बाजूस चांगलेच उतरते आहे. पाहुण्या संघाला त्याची सवय होईपर्यंत यजमानांनी एखादा गोल करून घ्यावा, अशी ती जागा! येथे दैवाचा एक खेळ पाहा. एकाच शहरात जगातील सर्वांत जुना संघ आणि जगातील सर्वांत जुने मैदान. परंतु जुने मैदान जुन्या संघाचे नव्हे, ते त्याच्या शेजाऱ्याचे. हॅलमकडे भूमी होती; शेफील्डकडे नियमांची वही होती.

या दोन शेजाऱ्यांमध्ये सारे काही गोडीगुलाबीने चालले होते असे मात्र समजू नये. २९ डिसेंबर १८६२ रोजी शेफील्डच्या ब्रॅमल लेन या क्रिकेटच्या मैदानावर त्यांचा सामना झाला. त्या मैदानावर खेळला गेलेला हा पहिला फुटबॉल सामना. अमेरिकेत यादवी युद्ध पेटल्यामुळे कापूस येणे बंद झाले होते, लँकेशायरमधील गिरण्या थंडावल्या होत्या आणि हजारो कामगार उपाशी होते. त्यांच्या मदतनिधीसाठी हा सामना योजला होता. याच कापसाच्या टंचाईमुळे त्या काळी मुंबईच्या कापूस-व्यापाऱ्यांच्या घरी सोन्याचा धूर निघत होता, हे आपल्या वाचकांस ठाऊक असेलच. एका युद्धाने मुंबईत श्रीमंती आणि लँकेशायरात उपासमार आणली! असो. कार्य पुण्याचे, पण सामन्यात हॅलमचा वॉटरफॉल आणि शेफीडचा म्हणण्यापेक्षा क्लबचा संस्थापकच असलेला क्रेसविक यांची चांगलीच जुंपली आणि प्रकरण हातघाईवर आले. पुढे वर्तमानपत्रातूनही त्याचा वाद रंगला. सामना मात्र एकही गोल न होता संपला. नियम लिहिणाऱ्यालाही मैदानावर राग आवरत नाही, हे यावरून दिसते. किंबहुना म्हणूनच नियमांची गरज असते.

१८६३ साली लंडनमधील क्लबांनी एकत्र येऊन ‘फुटबॉल असोसिएशन’ ही मध्यवर्ती संस्था स्थापन केली आणि तिचे निराळे नियम तयार होऊ लागले. त्या वेळी लंडनमध्ये मोठा वाद माजला होता. चेंडू हातात घेऊन धावावे की नाही, नडगीवर लाथ मारावी की नाही, यावर दोन तट पडले होते. शेफील्डचे तत्कालीन चिटणीस चेस्टरमन यांनी पत्र लिहून आपले मत कळविले. असले प्रकार फुटबॉलच्या विरुद्ध असून ते कुस्तीच्या जवळ जाणारे आहेत, असा त्याचा आशय होता. अखेर लाथाळीच्या पक्षपात्यांचा पराभव झाला. ते बाहेर पडले आणि त्यांचा खेळ पुढे रग्बी या नावाने वाढला. शेफील्ड क्लब असोसिएशनचा सभासद झाला, तरी आपल्या शहरात तो स्वतःच्याच नियमांनी खेळत राहिला. अशा रीतीने इंग्लंडात काही वर्षे दोन प्रकारचे फुटबॉल नांदत होते, एक लंडनचे आणि एक शेफील्डचे.

३१ मार्च १८६६ रोजी लंडनच्या बॅटर्सी पार्कमध्ये लंडन आणि शेफील्ड यांचा सामना झाला. तो लंडनने जिंकला. शेफील्डचे खेळाडू चेंडू डोक्याने मारतात हे पाहून लंडनकरांना हसू आवरेना, अशी आख्यायिका आहे. आज डोक्याने केलेल्या गोलावर लाखो लोक टाळ्या वाजवितात, तेव्हा त्या हसणाऱ्यांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. याच काळात शेफील्डकरांनी खेळाला आणखी काही देणग्या दिल्या. गोलाच्या दोन खांबांवर आडवा दांडा बसविण्याची पद्धत त्यांच्याकडे लवकर रूढ झाली. गोलरेषेबाहेर गेलेला चेंडू कोपऱ्यावरून पुन्हा खेळात आणण्याची रीत, म्हणजे आपण जिला कॉर्नर किक म्हणतो ती, शेफील्डच्या नियमांत १८६८ साली आली आणि लंडनने ती १८७२ साली स्वीकारली. १४ ऑक्टोबर १८७८ रोजी ब्रॅमल लेनवर विजेच्या दिव्यांच्या प्रकाशात सामना खेळविण्याचा प्रयोग झाला, तोही याच शहरात. त्या नवलाईला सुमारे २०,००० लोक जमले होते.

त्यापूर्वीच, १८७७ साली, लंडन आणि शेफील्ड यांच्या नियमांचा मिलाफ झाला होता. शेफील्डने लंडनचा ऑफसाइडचा नियम पत्करला. बाजूच्या रेषेवरून चेंडू आत टाकताना तो कोणत्याही दिशेस टाकण्याची मोकळीक लंडनने मान्य केली. दोघांनीही थोडे सोडले आणि दोघांनीही थोडे मिळविले. त्या तडजोडीतून जो एकच खेळ निर्माण झाला तोच जहाजांवरून, शाळांतून आणि धर्मोपदेशकांबरोबर जगभर पसरला. गोव्यात शिवोली गावी १८८३ साली विल्यम रॉबर्ट लायन्स या धर्मोपदेशकाने हा खेळ प्रथम आणला, असे सांगितले जाते. म्हणजे शेफील्ड आणि लंडन यांचा समेट होऊन अवघी सहा वर्षे झाली होती. आपल्याकडे खेळ आला तो भांडण मिटल्यानंतर!

आता कोणास वाटेल की, एवढे कार्य करणारा हा क्लब पुढे इंग्लंडातील सर्वांत धनाढ्य आणि बलाढ्य संघ झाला असेल. घडले ते याच्या उलट. फुटबॉल लोकप्रिय होताच प्रेक्षक पैसे देऊन येऊ लागले आणि क्लब चांगल्या खेळाडूंना गुपचूप पैसे देऊ लागले. १८८५ साली असोसिएशनने खेळाडूला वेतन देणे कायदेशीर ठरविले. शेफील्ड क्लबने मात्र हौशी राहण्याचा आपला बाणा सोडला नाही. त्याच शहरात १८६७ साली निघालेला वेन्सडे क्लब आणि १८८९ साली निघालेला शेफील्ड युनायटेड हे धंदेवाईक संघ झाले, मोठे झाले, त्यांच्यासाठी प्रचंड क्रीडागारे उभी राहिली. सर्वांचा वडील असलेला हा क्लब मागे पडला. केवळ हौशी संघांसाठी असलेला असोसिएशनचा चषक त्याने १९०४ साली ईलिंग संघाचा तीन विरुद्ध एक असा पराभव करून जिंकला. त्याच्या दीर्घ आयुष्यातील हा सर्वांत मोठा विजय होय.

इंग्लंडमधील फुटबॉलची रचना एखाद्या उंच जिन्यासारखी आहे. सर्वांत वर प्रीमियर लीगचे २० संघ, त्याखाली फुटबॉल लीगच्या तीन विभागांतील ७२ संघ. हे ९२ संघ सोडून खालच्या पायऱ्यांवर जे शेकडो संघ आहेत त्यांना ‘नॉन-लीग’ म्हणतात. त्यांतील बहुतेकांचे खेळाडू दिवसा नोकरीधंदा करतात आणि संध्याकाळी सराव करतात. तिकिटे विकणे, गवत कापणे, चहा देणे ही कामे गावातील माणसे हौसेने करतात. शेफील्ड क्लब याच वर्गातील आहे. त्याच्या सामन्यांना काही शेकडा माणसे येतात.

अशा क्लबला स्वतःचे मैदान असणे किती आवश्यक आहे, हे सहज लक्षात येत नाही. मैदान भाड्याचे असले म्हणजे तिकिटाच्या पैशातून आधी भाडे द्यावे लागते. उपाहारगृहाचे उत्पन्न मालकाकडे जाते. मालकाने सांगितले की, बिऱ्हाड हलवावे लागते. शेफील्ड क्लबने हे सारे अनुभवले. १९२१ पासून अनेक दशके तो अॅबीडेल येथे खेळला. तेथून निघाल्यावर त्याची भटकंती सुरू झाली. कधी तो कुत्र्यांच्या शर्यतीसाठी प्रसिद्ध असलेल्या आउलर्टनच्या क्रीडागारात खेळला, तर कधी डॉन व्हॅली येथील धावण्याच्या स्पर्धांसाठी बांधलेल्या २५,००० आसनांच्या क्रीडागारात. त्या अफाट रिकाम्या आसनांमध्ये मूठभर प्रेक्षक कसे दिसत असतील, याची कल्पना करावी. लग्नाच्या भव्य मांडवात चारच पाहुणे जेवायला बसावेत, तशी ती स्थिती.

शेवटी २००१ साली, जन्मानंतर तब्बल १४४ वर्षांनी, या क्लबला स्वतःच्या मालकीचे पहिले घर मिळाले. तेही शेफील्डमध्ये नव्हे. शहराच्या दक्षिणेस सुमारे दहा किलोमीटरांवर, शेजारच्या डर्बीशायर परगण्यात ड्रॉनफील्ड नावाचे एक गाव आहे. तेथे ‘कोच अँड हॉर्सेस’ या जुन्या मद्यगृहाला लागून असलेले मैदान क्लबने घेतले. बसावयाच्या जागा थोड्या, बाकीच्यांनी कठड्याला टेकून उभे राहावयाचे. जगातील सर्वांत जुन्या संघाचे नाव ऐकून दूरदेशींचे प्रवासी तेथे येतात आणि एवढेसे मैदान पाहून चकित होतात.

मानसन्मान मात्र क्लबच्या वाट्याला आले. २००४ साली जागतिक फुटबॉल महासंघ फिफाने आपल्या शताब्दीनिमित्त दोनच क्लबांना विशेष सन्मान दिला. एक स्पेनचा वैभवशाली रेआल माद्रिद आणि दुसरा हा शेफील्ड क्लब. २००७ साली दीडशेव्या वर्षानिमित्त इटलीचा विख्यात इंटर मिलान संघ ब्रॅमल लेनवर त्याच्याशी खेळावयास आला. सामना पाहण्यास खुद्द पेले उपस्थित होते. इंटरने पाच विरुद्ध दोन असा विजय मिळविला. परंतु त्या दिवशी गुणफलकाकडे कोण पाहणार? नातवंडांनी आजोबांच्या वाढदिवसाला यावे, तसा तो सोहळा होता.

मानपत्रांनी मात्र मैदानाचा खर्च भागत नाही. म्हणून २०११ साली क्लबने एक कठीण निर्णय घेतला. त्याच्या पेटीत एकच मौल्यवान ठेव होती. सभांची जुनी इतिवृत्ते, हस्तलिखित नियम आणि १८५९ च्या त्या छापील पुस्तिकेची उपलब्ध असलेली एकमेव ज्ञात प्रत. लंडनच्या सदबीज या लिलावगृहात ही ठेव विक्रीस ठेवण्यात आली आणि तिला ८,८१,२५० पौंड किंमत आली. क्लबचे भवितव्य सावरावे, मैदानाची सोय व्हावी, यासाठी हा पैसा हवा होता. ज्या वहीमुळे क्लबला जगात नाव मिळाले, ती वही मैदानासाठी विकावी लागली.

हे योग्य झाले काय? याविषयी दोन मते संभवतात. कोणी म्हणेल, पूर्वजांची ठेव विकणे म्हणजे देवघरातील मूर्ती विकण्यासारखे आहे. ज्या घरात ती राहिली नाही, ते घर कसले? या म्हणण्यात तथ्य आहे. एकदा गेलेला कागद पुन्हा क्लबच्या कपाटात येणे दुर्घट असते. परंतु दुसरी बाजूही पाहावी. ते नियम कपाटात ठेवण्यासाठी लिहिलेले नव्हते. मैदानावर खेळण्यासाठी लिहिलेले होते. संघच उरला नाही, शनिवारी दुपारी अकरा खेळाडू मैदानात उतरले नाहीत, तर कपाटातील पुस्तिका ही एका मृत संस्थेची आठवण ठरली असती. आणि तिच्यातील मजकूर काही नष्ट झालेला नाही. तो बदलत, सुधारत, वाढत साऱ्या जगाच्या हाती गेला आहे. मला दुसरे मत अधिक पटते. वारसा जपावा हे खरे. पण ज्याच्यासाठी तो जपावयाचा, तो खेळच जिवंत असला पाहिजे.

विद्यार्थिमित्रहो, या क्लबच्या इतिहासात मोठमोठे विजय फारसे नाहीत. तरीही तो वाचण्यासारखा आहे, याचे कारण त्याच्या आरंभी केलेल्या एका साध्या कृतीत आहे. खेळावयास जमलेल्या तरुणांनी आधी सभा भरविली, काय चालेल आणि काय चालणार नाही हे ठरविले, ते लिहून काढले, आणि चुकीचे वाटले ते पुढील सभेत बदलले. हॅलमशी भांडण झाले तरी हॅलमशी खेळणे सोडले नाही. लंडनशी मतभेद झाला तरी शेवटी तडजोड केली. आपल्या शाळेत किंवा वाड्यावर संघ निघतात आणि वर्षभरात मोडतात. बहुधा ते हरल्यामुळे मोडत नाहीत. वर्गणी कोणी दिली, कर्णधार कोणी नेमला, चेंडू कोणाच्या घरी ठेवावयाचा, यांवरून मोडतात. यंदा संघ काढाल तेव्हा चेंडूबरोबर एक वहीही विकत घ्या. तिच्या पहिल्या पानावर आपले नियम लिहा आणि खाली सर्वांनी सह्या करा. मैदान आज दुसऱ्याचे असले तरी चालेल. शेफील्डच्या क्लबला ते मिळावयास १४४ वर्षे लागली. पण तोपर्यंत त्याचा खेळ एक दिवसही नियमावाचून राहिला नाही.